मागचं अंगण सजवायचंय, पण आधी पाण्याचं बघा

पत्र असं आलंय:

"ताई, आम्ही कर्वेनगरला एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर राहतो. किचनचं मागचं दार उघडलं की ९ बाय १४ फुटांची मोकळी जागा आहे, अलीकडे बिल्डिंगची भिंत, पलीकडे कंपाउंड. खाली शहाबादी फरशी, ती जागोजागी उचकटलीये. पावसात किचनच्या दाराशीच पाणी साचतं आणि आतल्या भिंतीला ओल येते. मधोमध सोसायटीच्या ड्रेनेजचं चेंबर आहे. सकाळी छान ऊन येतं, बारानंतर सावली. मला संध्याकाळी चहा घेऊन बसता येईल अशी जागा करायचीये. आर्टिफिशियल ग्रास किंवा लाकडी डेक, वर पॉलिकार्बोनेटची शेड, भिंतीवर व्हर्टिकल गार्डन आणि एक झोपाळा असं सगळं डोक्यात आहे. बजेट एक लाख, फार तर सव्वा लाख. सासूबाई ७२ वर्षांच्या, गुडघे दुखतात, आणि त्यांचं एकच म्हणणं, माझी तुळस आणि माझं वाळवण यांना हात लावू नका. मिस्टर म्हणतात तुम्ही दोघी ठरवा. कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय जुनी फरशी काढायची गरजच नाही, वरूनच टाइल मारू, आठ दिवसांत हातात देतो. दिवाळीच्या आत व्हावं असं वाटतंय. काय करू?"

ताई, सगळ्यात आधी एकच करा, त्या कॉन्ट्रॅक्टरला अजून हो म्हणू नका. माणूस वाईट असेल असं नाही, पण "वरूनच मारू" हे तुमच्या घराला परवडणारं नाहीये. किचनचा उंबरा आणि बाहेरची फरशी यांच्यात आत्ता किती फरक आहे ते टेप घेऊन मोजा. जुन्या सोसायट्यांत तो बरेचदा दोन-तीन इंचच उरलेला असतो, कारण आधीच एकदोनदा कुणीतरी वरून काहीतरी टाकलेलं असतं. त्यावर परत माल आणि टाइल धरून दीड-दोन इंच चढले की बाहेरचं अंगण आणि आतलं किचन जवळजवळ एका लेव्हलला येणार. मग एखाद्या रात्री धो धो पाऊस झाला की पाणी दाराशी साचणार नाही, थेट ओट्याखालच्या ट्रॉल्यांत जाणार. बाहेरची फरशी उंबऱ्यापासून निदान चार इंच तरी खाली पाहिजे, सहा मिळाले तर उत्तमच. म्हणजे जुनी फरशी काढावीच लागेल, त्याला पर्याय नाही.

आणि पत्र ऐन श्रावणात आलंय हे फार बरं झालं, कारण अंगणाची खरी परीक्षा आत्ताच होते. मार्च-एप्रिलमध्ये कुठलंही अंगण चांगलंच दिसतं हो. तुम्ही आता एवढंच करा, चांगली सर येऊन गेली की अर्ध्या तासाने छत्री घेऊन मागे जा आणि पाणी कुठे साचलंय, कुठून येतंय, कुठे जातंय ते नीट बघा. नुसतं बघून लक्षात राहत नाही, म्हणून घरात उरलेला थोडा ऑइलपेंट असेल तर साचलेल्या पाण्याच्या कडेने ठिपके मारून ठेवा, फोटो काढा, व्हिडिओ काढा. पाणी नुसतं आभाळातून येत नाही, वरच्यांच्या बाल्कनीचा पाइप तुमच्याकडे सुटलेला असतो, कुणाच्या तरी एसीची नळी टपटपत असते, कंपाउंडच्या भिंतीला भोकं असतात आणि शेजारच्या प्लॉटचं पाणी तिथून आत येतं. हे सगळं आत्ता टिपून ठेवलंत तर ऑक्टोबरमध्ये गवंड्याला तोंडी समजवत बसावं लागणार नाही, व्हिडिओच दाखवायचा.

पाणी किती असतं याचा अंदाज यावा म्हणून सांगते. तुमची जागा १२६ चौरस फूट. दिवसभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, आणि पुण्यात पावसाळ्यात असा एखादा दिवस येतोच, तर फक्त तेवढ्या जागेत सरळ आभाळातून ५८५ लिटरच्या आसपास पाणी पडतं. म्हणजे दोनशे लिटरचे जवळजवळ तीन पिंप भरून. वरच्या पाइपांचं वेगळंच. एवढ्या पाण्याला वाट दिली नाही तर ते स्वतःची वाट काढणार आणि ती वाट तुमच्या किचनच्या भिंतीतून आहे, हे आतली ओल तुम्हाला सांगतेच आहे.

आता फरशी का उचकटते, तर त्याची दोन कारणं असतात आणि तुमच्याकडे बहुतेक दोन्ही असणार. एक म्हणजे आपली काळी माती, ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, दरवर्षी वर-खाली होत राहते. दुसरं म्हणजे बिल्डिंग बांधताना पायासाठी खणलेला चर नंतर नुसता भरून टाकतात, नीट ठोकत नाहीत, मग ती भरणी वर्षानुवर्षं बसत जाते. म्हणूनच फरशी बिल्डिंगच्या भिंतीशी खचते आणि उतार उलटा होतो, पाणी कंपाउंडकडे जायचं सोडून घराकडे येतं. टाइल कितीही महागाची आणली तरी खालचं हे दुखणं तसंच राहतं.

तेव्हा काम कसं व्हायला पाहिजे ते सांगते, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. जुनी फरशी पहारीने हळूहळू उचलायची, अख्ख्या निघतील त्या बाजूला रचून ठेवायच्या. मग साधारण फूटभर माती काढायची. इथे एक सांगते, खणायचं ते हातानेच, ब्रेकर मशीन लावू द्यायचं नाही, कारण तुमच्या चेंबरला येणारे ड्रेनेजचे पाइप तिथूनच गेलेले असणार आणि जुने चिनी मातीचे पाइप असले तर एका फटक्यात जातात. माती काढली की मुरूम टाकायचा, पाणी मारायचं आणि धुम्मसने ठोकायचा, पुन्हा थर, पुन्हा पाणी, पुन्हा ठोकायचं. या कामाला मजूर कंटाळतात आणि मालक तिथे नसला की उरकून टाकतात, म्हणून त्या दिवशी घरचं कुणीतरी समोर उभं पाहिजे (मिस्टरांना सुट्टी घ्यायला लावा, तुम्ही दोघी ठरवा म्हणून त्यांची सुटका नाही). त्यावर तीन-चार इंच पीसीसी, म्हणजे सळया नसलेलं साधं काँक्रीट, आणि उतार पीसीसीलाच काढून घ्यायचा, फरशी बसवताना माल कमी-जास्त करून नाही. उतार बिल्डिंगपासून कंपाउंडकडे, नऊ फुटांत सव्वा ते दीड इंच. एवढा पुरतो, बसल्यावर खुर्ची कलत नाही आणि पाणी पण थांबत नाही. भिंत आणि फरशी जिथे मिळते तिथे सिमेंटचा गोलसर वाटा काढून घ्या, म्हणजे त्या कोपऱ्यातून पाणी झिरपणार नाही. पीसीसी झाल्यावर आठवडाभर पाणी मारायचं. "आठ दिवसांत हातात देतो" यात हा आठवडा कुठेच बसत नाही, बघा.

कंपाउंडच्या कडेला पाणी जाळीतून पाइपात आणि तिथून सोसायटीच्या पावसाळी लाइनला. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडायचा मोह होईल, कारण ते तिथेच आहे आणि गवंडीही हेच सुचवेल. पण सांडपाण्याची लाइन पावसाच्या पाण्यासाठी केलेली नसते, मुसळधार पावसात ती तुंबली की उलटी भरून येते आणि मग तुमच्या चहाच्या जागेत काय येईल ते सांगायला नको. तसंच कंपाउंडला लागून दीडेक फुटाची पट्टी फरशी न लावता मातीचीच ठेवा, वर खडी पसरा. थोडं पाणी तिथे मुरतं आणि झाडांना जमीन मिळते, ते कुंडीपेक्षा कधीही चांगलं. बिल्डिंगच्या बाजूला मात्र माती अजिबात नको, तिथे ओल आणि वाळवी दोन्ही येतात.

चेंबरचं झाकण कुणाच्याही म्हणण्यावरून फरशीखाली बुजवू नका. लाइन तुंबली की सोसायटीची माणसं येणार आणि तुमची नवी फरशी फोडणार, तो त्यांचा हक्कच आहे. खोलगट फ्रेमचं कव्हर मिळतं, त्यात वरून तुमचीच फरशी बसवता येते आणि दोन बाजूच्या खाचांत हुक घालून उचलता येतं. लांबून कळतही नाही. त्यावर कुंडी, कट्टा, तुळस, काहीही कायमचं ठेवायचं नाही, फार तर हलकी खुर्ची.

आता वर काय लावायचं. मला विचाराल तर परत शहाबादीच लावा. कर्नाटकातल्या कलबुर्गीकडच्या शहाबादचा हा चुनखडीचा दगड, पुण्यातल्या वाड्यांच्या चौकांत पिढ्यान्‌पिढ्या टिकलाय. रफ शहाबादी ओल्या पायाला सरकत नाही, रंग फिका राखाडी असल्यामुळे काळ्या कडाप्प्याइतका तापत नाही, आणि तुमच्या जुन्या अख्ख्या निघालेल्या फरश्या परत वापरता येतात, म्हणजे पैसे वाचले. थोड्या कमी पडल्या तर नव्या घ्या, कटिंगमध्ये जातात म्हणून हिशोबापेक्षा दहाएक टक्के जास्त आणा. दर्जा, म्हणजे दोन फरश्यांमधल्या फटी, नीट भरून घ्या, त्यात कंजूषी नको, पाणी दर्जांतूनच खाली जातं. फक्त पुढे साफ करताना ॲसिड वापरायचं नाही, चुनखडीचा दगड आहे, ॲसिड त्याचा वरचा थरच खातं आणि मग तो डागाळतो. शेवाळ आलं तर खराटा आणि थोडी ब्लिचिंग पावडर पुरते, ते पाणी झाडांकडे जाऊ देऊ नका. शहाबादी अगदीच नको असेल तर पार्किंग टाइल घ्या, पण गुळगुळीत चकचकीत टाइल नको म्हणजे नकोच, ७२ वर्षांचं माणूस त्यावरून रोज तुळशीला पाणी घालायला जाणार आहे.

आर्टिफिशियल ग्रास फोटोत छान दिसतं हे खरं आहे, पण ते शेवटी प्लास्टिक, आपल्या एप्रिलच्या उन्हात अनवाणी पाय ठेववत नाही इतकं तापतं, आणि पावसाळ्यात खाली पाणी धरून ठेवतं, महिन्याभरात वास यायला लागतो. ते उचलून खालची घाण धुणं हे काम कोण करणार, तुम्हीच. लाकडी डेकचं पण तसंच. पाइनवूड पावसात फुगतं, काळं पडतं, डबल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या फळ्या) टिकतं पण डेकच्या खाली जी दोन-तीन इंच पोकळी राहते तिथे पालापाचोळा, झुरळं, उंदीर, आणि तुमच्याकडे तर खाली चेंबर. तळमजल्यावर मागच्या बाजूला डेक नको. तोच डेक गच्चीवर असता तर मी वेगळं बोलले असते.

आता सासूबाईंचं. तुमच्या पत्रात मला सगळ्यात काळजीचं हेच वाटलं, कारण तुम्ही ते अडचणींच्या यादीत लिहिलंय. ताई, आत्ता त्या अंगणाचा रोज वापर करणारं घरात एकच माणूस आहे आणि ते म्हणजे त्या. सकाळी तुळशीला पाणी, दिवा, चैत्र-वैशाखात पापड-कुरडया-सांडगे, साठवणीच्या डाळी-मिरच्यांना ऊन दाखवायचं, ओली फडकी वाळत घालायची. तुमची चहाची जागा अजून व्हायचीये, त्यांची कधीच झालेली आहे. आणि नशीब बघा, दोघींची वेळ वेगळी आहे! त्यांना ऊन पाहिजे ते सकाळचं, तुम्हाला सावली पाहिजे ती संध्याकाळची, आणि तुमच्या अंगणात नेमकं तसंच येतं. म्हणजे जागेची वाटणी करायचीच नाहीये, दिवसाची वाटणी आपोआप झालेली आहे. फक्त कुठलीही वस्तू अशी नको की जी दुसरीच्या वेळेला हलवता येणार नाही.

म्हणून एखाद्या दुपारी त्यांच्याबरोबर खाली बसा आणि विचारा, आई, वाळवणाला तुम्हाला किती जागा लागते, बाज कुठे टाकता, ऊन आधी कुठे येतं. त्यांना ते ऊन फूट-फूट माहीत असणार. सहा बाय तीनची एक बाज मावेल एवढा तुकडा, सगळ्यात जास्त ऊन येणाऱ्या बाजूला, कायम मोकळा ठेवा. संध्याकाळी तिथेच तुमच्या खुर्च्या येतील. कपड्यांच्या दोऱ्या भिंतीतल्या पुलीवर घ्या म्हणजे सकाळी खाली ओढायच्या, संध्याकाळी वर.

तुळशीसाठी तर मी म्हणेन मनापासून काहीतरी करा. वृंदावन आत्ता आहे तिथेच ठेवा, फक्त खालचा चौथरा गुडघे न वाकवता पाणी घालता येईल एवढा, साधारण दोन-अडीच फूट उंच करून घ्या. आणि त्याच्या पुढे, रफ शहाबादीत दोन बाय दोन फुटांचा एकच गुळगुळीत काळा कडाप्पा बसवून घ्या. रफ फरशीवर रांगोळीची रेघ फाटते, कणाकणाने खाचांत जाते, ठिपके बसत नाहीत. त्या काळ्या दगडावर पांढरी रांगोळी अशी उठून दिसते की बस, आणि ओल्या फडक्याने एका हातात पुसली जाते. एवढासा तुकडा म्हणजे खर्चही किरकोळ. फक्त तो पायवाटेत येऊ देऊ नका, ओला झाला की सरकतो. किचनच्या दारातून तुळशीपर्यंतच्या वाटेत एकही पायरी, एकही आडवी पट्टी नको, आणि दाराशी जी चार-सहा इंचांची पायरी येणार तिथे भिंतीला एक दणकट हँडल लावून टाका.

वरच्या शेडचं मी नको म्हणेन. पॉलिकार्बोनेटखाली दुपारी कोंदट गरम होतं, पावसात एवढा आवाज की बोलता येत नाही, आणि तळमजल्यावर शेड घातली की वरच्या मजल्यांवरून क्लिपा, केस, पायपुसणी झटकलेली धूळ, कबुतरांची घाण हे सगळं तिच्यावर साठत जातं, साफ करायला वर चढणार कोण. शिवाय मागची ही मोकळी जागा म्हणजे मार्जिन, बिल्डिंगभोवती नियमाने मोकळी सोडलेली जागा असते, तिथे पक्कं छप्पर घालायला सोसायटी आणि महापालिका दोघांचीही परवानगी लागते, आणि महापालिकेकडून ती अशा जागेत मिळणं अवघड. तुमचं ॲग्रीमेंट काढून बघा, ही जागा तुमच्या नावावर विकलेली आहे की फक्त वापरायला दिलेली आहे. फरशी आणि पाइपांचं काम करायच्या आधी सोसायटीला साधं पत्र देऊन पोच घ्या, चेंबर तुमच्या अंगणात असल्यामुळे हे करायलाच हवं. सावली तर तुम्हाला बारानंतर फुकट मिळतेच आहे! वरून पडणाऱ्या वस्तूंचा फार त्रास असेल तर दारापुढे तेवढीच ५० टक्केवाली शेडनेट ताणा, हिरवी घेऊ नका, सगळ्या अंगणाला हिरवट कळा येते, पांढरी किंवा बिस्किट रंगाची मिळते. ती काढता-घालता येते हा तिचा मोठा गुण.

झोपाळ्याचं वाईट वाटतंय मला पण जागा नाहीये हो. झोपाळ्याला पुढे-मागे मिळून निदान सहा फूट मोकळे लागतात, तुमच्याकडे मातीची पट्टी सोडली तर साडेसातच उरतात. मग बाज जाते, वाट जाते. त्याच्याऐवजी १४ फुटांच्या एका टोकाला, नऊ फुटांच्या बाजूला विटांच्या पायांवर कट्टा बांधून घ्या, वर शहाबादी किंवा कोटा, कडा गोल घासून. उंची १८ इंच, खोली पण तेवढीच. पायांच्या मधल्या खणांत मातीची पिशवी, खुरपं, पाइप, बाजेवरचं प्लास्टिक सगळं जातं, आणि कट्ट्यावर गाद्या टाकल्या की सहा माणसं बसतात. सासूबाईंना मात्र कट्टा नको, टेकायला पाठ आणि उठायला हात असलेली खुर्चीच पाहिजे, बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात चांगल्या लोखंडी खुर्च्या निघतात, रेड ऑक्साइड मारून रंगवल्या की वर्षानुवर्षं चालतात. बांबूचे पडदे हवे असतील, वरच्यांची नजर जरा अडवायला, तर बुरूड आळीत माप देऊन करून घ्या. तयार मिळणारे स्वस्त असतात पण मापात बसत नाहीत.

भिंतीला यंदा रंग लावू नका. आतल्या भिंतीला ओल म्हणजे बाहेरून गिलावा फुगलेला असणार, लोणा लागलेला असणार. तेवढा फूट-दीड फुटाचा पट्टा काढून वॉटरप्रूफिंगचं केमिकल घालून नवा गिलावा करा आणि थंडीभर वाळू द्या. फेब्रुवारीत रंगवा. ओल्या भिंतीला महागातला प्लास्टिक पेंट फासला की ओल आत कोंडते आणि पुढच्या पावसात पापुद्रे सुटतात. कंपाउंडला साधा सिमेंट पेंट पुरे.

व्हर्टिकल गार्डन सोडून द्या. त्या छोट्या छोट्या खणांत मूठभर माती, मे महिन्यात दिवसातून दोनदा पाणी घालूनही झाडं करपतात, आणि भिंत आधीच ओली आहे त्यावर आणखी पाणी कशाला. त्याच पैशांत कंपाउंडच्या मातीच्या पट्टीत दोन वेल लावा, एक जुई किंवा मोगऱ्याचा वेल, एक गोकर्ण, तारेवर चढवा. सकाळचं चार-पाच तास ऊन मिळतंय म्हणजे मोगरा, कढीपत्ता, गवती चहा, पुदिना सगळं येईल. त्या पट्टीत जिथे ओलसर राहतं तिथे अळू लावा, वड्यांची सोय होते. वरच्यांच्या एसीचं पाणी कुठेतरी पडणारच असेल तर नळी ओढून सोनटक्का किंवा कर्दळीच्या मुळाशी सोडा, दोघांनाही ओल आवडते, खायच्या झाडांना मात्र ते पाणी नको. सावलीच्या कोपऱ्यात नेचे, मनी प्लांट. वड, पिंपळ, उंबर आपोआप उगवले तर लहान असतानाच उपटा, पायात आणि पाइपात मुळं घालतात.

कुंड्या दहा छोट्या घेण्यापेक्षा तीन मोठ्या घ्या, मातीच्या, खाली भोक असलेल्या, उशिरा सुकतात. माती म्हणून नुसती काळी भरू नका, वाळली की विटेसारखी होते. लाल माती, शेणखत किंवा गांडूळखत, आणि कोकोपीट किंवा कुजलेला पालापाचोळा, सारख्या मापाने. झाडं लांबून आणायची हौस असेल तर सोलापूर रोडला उरुळी कांचनकडे नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत, एक सकाळ काढून जा, सासूबाईंना पण घेऊन जा. आणि जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन असतं ते चुकवू नका, आपल्या हवेत काय जोमाने येतं ते एका फेरीत कळतं. कुंड्यांखाली बशा ठेवायच्याच नाहीत, डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो.

लाइटचं थोडक्यात, पण फरशीच्या आधी. वायरीचा पाइप पीसीसीच्या वेळीच टाकून घ्या, नंतर भिंतीवरून केसिंग पट्ट्या फिरवाव्या लागतात. फिटिंग आयपी ६५ची, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारी, उजेड पिवळसर, ३००० केल्विन किंवा कमी, पांढराफेक नको. दिवा खाली तोंड करून लावा म्हणजे वरच्यांच्या बेडरूममध्ये जाणार नाही. प्लग पॉइंट फरशीपासून तीन-साडेतीन फुटांवर आणि त्या लाइनवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन आपोआप तोडणारा स्विच) असलाच पाहिजे, ओल्या पायांची जागा आहे ती. आकाशकंदिलासाठी एक हुक आणि एक होल्डर आत्ताच करून ठेवा.

आणि दिवाळीचा हट्ट सोडा ताई. परतीचा पाऊस आपल्याकडे ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत असतो, त्याच्या आत खणायला घेतलंत तर खड्ड्यात तळं होईल. दिवाळीच्या तोंडावर मजूर गावाला जातात आणि जे उरतात ते दहा ठिकाणी धावत असतात. दसऱ्यानंतर आभाळ स्वच्छ झालं की काम सुरू करा आणि तुळशीच्या लग्नाचा मुहूर्त धरा, दिवाळीनंतर चांगले दहा-बारा दिवस मिळतात. दिवाळीत फार तर पीसीसीवर पणत्या लागतील, काही बिघडत नाही. सासूबाईंना हे आजच सांगितलंत की अंगण तुमच्या तुळशीच्या लग्नाला तयार होणारे, तर मला वाटतं निम्मा वाद तिथेच संपेल, आणि तुम्ही ते नुसतं त्यांना खूश करायला म्हणू नका, खरंच तसं करा.

पैशांचं असं बघा की निम्म्याहून जास्त रक्कम खणणं, मुरूम, पीसीसी, पाइप, फरशी आणि तो भिंतीचा गिलावा यात जाणार आहे आणि ती जाऊ द्या. मग कट्टा, वृंदावन, लाइट. झाडं-खुर्च्यांना जे उरेल ते, त्या पुढच्या वर्षीही येतील. कोटेशन दोन-तीन जणांकडून घ्या आणि राडारोडा उचलून नेण्याचे टेम्पोचे पैसे त्यात धरलेत का ते विचारा, नाहीतर पोती महिनाभर तुमच्या पार्किंगमध्ये पडून राहतात. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, मुरूम ठोकून झाल्यावर, पीसीसी झाल्यावर, फरशी झाल्यावर. आणि शेवटचा हप्ता देण्याआधी गवंड्यासमोरच किचनच्या दाराशी चार बादल्या पाणी ओता. दहा मिनिटांत सगळं जाळीकडे गेलं पाहिजे. कुठे थबकलं तर तेवढी फरशी उचलून परत बसवायला लावा, हे आधीच बोलून ठेवलेलं असलं की तो आढेवेढे घेत नाही.

उंबऱ्याचं माप आणि चेंबरपासून भिंतीचं अंतर मोजून कळवा, कट्टा नेमका कुठल्या टोकाला घ्यायचा ते मग नक्की सांगता येईल.